परदेशात घर बांधायला जाताय? या चुका मुंबईतच टाळा

तिसऱ्या दिवशी मला माझीच भिंत उतरवावी लागली. २०१८ चा मार्च, नेपाळमधलं धादिंग जिल्ह्यातलं एक गाव, आणि एका संस्थेमार्फत भूकंपग्रस्तांचं घर बांधायला मुंबईहून स्वयंसेवक म्हणून गेलेले आम्ही अकरा जण. दगड-मातीची भिंत रचायची होती. आमच्यात दोन गट पडले आणि कोणाचे थर जास्त होतात याची चुरस लागली. दुपारी गवंडीदादा आले (तिकडे गवंड्याला डकर्मी म्हणतात). त्यांनी ओळंबा लावला, दोन दगड हलवून पाहिले आणि म्हणाले, "बिस्तारै, बहिनी." हळू, ताई. मग वरचे तीन थर काढायला सांगितले.

बाहेरून भिंत सरळच होती. चूक पोटात होती. दगडी भिंतीत दर्शनी आणि आतला असे दोन पदर असतात आणि मधे बारीक दगड नि माती भरतात. हे पदर एकमेकांना धरून राहावेत म्हणून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावे लागतात, साधारण दोन फूट उंचीला आणि चार फूट लांबीला एक. आम्ही घाईत एकही घातला नव्हता. अशी भिंत एरवी वर्षानुवर्षं उभी राहते, पण जमीन हलली की दोन्ही पदर सुटतात, भिंत फुगते आणि माणसांवर येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, किल्लारीत हेच झालं. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेच्या भूकंपात गोरखा, धादिंग, सिंधुपाल्चोकच्या डोंगरगावांतही हेच झालं.

शिवाय घराचे पैसे त्या भिंतीला बांधलेले होते. भूकंपात घर गेलेल्या कुटुंबाला नेपाळ सरकार ३ लाख नेपाळी रुपये देत होतं, आपले साधारण १ लाख ८७ हजार. तेही तीन हप्त्यांत. पुढचा हप्ता इंजिनिअरने बांधकाम पास केल्यावरच. आमच्या चुरशीपायी त्या घरच्या आमांचा (नेपाळीत आईला आमा म्हणतात) हप्ता अडकला असता. म्हणून सगळ्यात मोठी चूक पहिल्यांदा सांगते: आपण तिथे गवंडी नसतो, बिगारी असतो. माल कालवा, घमेलं उचला, दगड आणून द्या, आणि भिंतीला हात लावायचा तर डकर्मी शेजारी उभे असतानाच लावा. काम कमी दिसलं तरी चालेल.

बाकीच्या बहुतेक चुका विमानात बसण्याआधीच होतात.

तारीख आपल्या सुट्टीवरून ठरवणं

मुंबईकर नोकरदार दिवाळीची सुट्टी पाहतो, ते स्वाभाविक आहे. पण नेपाळमध्ये दसरा म्हणजे दसैं, आणि दिवाळीच्या दिवसांतच त्यांचा तिहार. डकर्मी, ज्यामी (मजूर) सगळे घरी गेलेले असतात, साइट बंद. जून ते सप्टेंबर पाऊस, रस्त्यांवर दरडी. तारीख आधी संस्थेला विचारा, मगच साहेबांकडे रजेचा अर्ज टाका. मार्च किंवा तिहारनंतरचा नोव्हेंबर बरा पडतो.

कागदपत्रं गृहीत धरणं

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून लोक आधार कार्ड घेऊन विमानतळावर जातात. आमच्यातल्या एकाने तेच केलं होतं. मोठ्या माणसाला विमानाने नेपाळला जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालत नाही. त्याचा भाऊ डोंबिवलीहून पहाटेची पहिली गाडी पकडून मतदार कार्ड घेऊन निघाला, पुढे रिक्षा केली, आणि काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचला. एवढा जीव टांगणीला लावून घेऊ नका.

इतर देशांत जाणार असाल तर आणखी एक गोष्ट विचारा. पगार नसला तरी बांधकाम हे कामच धरलं जातं, आणि पर्यटक व्हिसावर ते चालेलच असं नाही. थायलंडमध्ये विनामोबदला कामालाही परवाना लागतो. "फिरायला आलोय म्हणून सांगा," असं संस्थेचा माणूस म्हणाला तर त्या संस्थेबरोबर जाऊ नका. ज्यांना आपल्याला खोटं बोलायला लावायला काही वाटत नाही, ते गावकऱ्यांशी खरं बोलत असतील याची खात्री काय? कोणता व्हिसा लागेल ते त्यांच्याकडून लेखी घ्या. मुलांच्या आसपास काम असेल तर पोलिसांचा दाखलाही मागतात. तो पासपोर्ट सेवा केंद्रातून काढता येतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

लस शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

धनुर्वाताची लस सगळ्यांनीच पाहून घ्या. साइटवर गंजका खिळा लागणारच, आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते कोणालाच आठवत नसतं. पूर्व आफ्रिकेतल्या केनिया, युगांडासारख्या देशांत जाणार असाल तर पीतज्वराची लस हवी. ती कुठल्याही डॉक्टरकडे मिळत नाही, मुंबईत जे. जे. रुग्णालयासारख्या मोजक्या केंद्रांवरच मिळते. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. जाताना कोणी विचारलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. दाखला नसेल तर भारतात परत येताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांशी बोला.

विम्याचंही तसंच. साध्या प्रवास विम्यात अंगमेहनतीच्या कामात झालेली इजा बऱ्याचदा वगळलेली असते. पॉलिसीतलं ते वाक्य शोधून एजंटकडून ईमेलवर उत्तर घ्या, फोनवरचं "होऊन जाईल मॅडम" उपयोगाचं नाही.

पैसे कुठे जातात ते न विचारणं

विचारायला संकोच वाटतो, चांगल्या कामाचे पैसे कसे मोजायचे असं वाटतं. पण विचाराच. घराच्या साहित्याला किती, राहण्या-जेवण्याला किती, डकर्मींना मजुरी मिळते का, घर कोणाच्या नावावर होणार, ते कुटुंब कसं निवडलं. चांगली संस्था हे सगळं सरळ सांगते. आयकराचा हिशेबही आधीच स्पष्ट असू द्या: परदेशी संस्थेला दिलेल्या पैशांवर देणगीची करसवलत मिळत नाही.

शरीर तयार न करणं

दिवसभर एसीत बसणाऱ्याला पहिल्या दिवशी घमेलं जड जातं, दुसऱ्या दिवशी कंबर धरते. दोन महिने आधीपासून रोज पाठीला सॅक लावून जिने चढा. बूट नागदेवी स्ट्रीटवरून पोलादी टोपीचे घ्या आणि मुंबईतच पंधरा दिवस वापरून पायात मुरवा.

हातमोज्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे मी स्वतः चुकले. मी सुती मोजे नेले होते. चौथ्या दिवशी भिंतींना एकत्र बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा भरताना ओलं सिमेंट त्यात मुरलं आणि दुपारपर्यंत तसंच कातडीला चिकटून राहिलं. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं. भाजताना लगेच कळत नाही, संध्याकाळी बोटांच्या बेचक्यात चट्टे दिसतात. रबरी मोजे न्या, आणि सिमेंट आत गेलंच तर मोजा काढून लगेच भरपूर साध्या पाण्याने हात धुवा. पोट बिघडलं तर लपवू नका. गटप्रमुखाला सांगा, ओआरएस घ्या आणि एक दिवस सावलीत बसा.

"या वयात जमेल का," असं पन्नाशी-साठीतले लोक विचारतात. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ शंभर घरं बांधायला जगभरातून स्वयंसेवक आले होते. त्यांच्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर होते, तेव्हा ८२ वर्षांचे. झेपेल ते काम मागून घ्या, एवढंच.

शब्द देऊन बसणं

ही चूक प्रेमापोटी होते. आमांचा मुलगा मुंबईतच, एका सोसायटीत वॉचमन होता. पहिल्या दिवशी चहा देताना त्यांनी विचारलं, तुमचं घर कुठे, तो तुम्हाला कधी दिसतो का. आमच्यातला एक जण भरून येऊन म्हणाला, त्याला माझ्या ऑफिसात लावून देतो. नंतर रोज चहाबरोबर तोच विषय निघायचा, आणि त्याच्या हातात तसं काही नव्हतं. अखेर त्याने आमांसमोर बसून, माझी चूक झाली, मला जमणार नाही, असं सांगितलं. तुमच्याकडून असं झालं असेल तर तुम्हीही तिथे असतानाच सांगा, परत येऊन गप्प बसू नका. मुलांना पैसे-खाऊ वाटणं, न विचारता फोटो काढणं हेही टाळा. द्यायचंच असेल तर संस्थेमार्फत द्या.

शेवटचा दिवस फोटोत घालवणं

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी खिडकीवरचा काँक्रीटचा पट्टा भरला होता. त्यावर पुढचे किमान सात दिवस पाणी मारत राहायचं होतं, आणि नळ उतारावर खाली, शंभरेक पायऱ्यांवर. आम्ही गेल्यावर ते पाणी आमांनाच वाहावं लागणार होतं. सकाळी गाडी यायच्या आधी आम्ही नळापासून घरापर्यंत रांग केली आणि हंडे, कॅन, निळं पिंप, जे भांडं मिळेल ते भरलं. डकर्मीदादांनी पट्ट्यावर गोणपाट अंथरलं, आमांनी त्यावर पहिला तांब्या ओतला.