बर्लिनला शिकायला जाताय? आधी टपालपेटीवर नाव लावा

खोलीची किल्ली मिळाली की बॅगा उघडण्याआधी टपालपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पत्र परत जाऊ शकतं, आणि करक्रमांकासारखी महत्त्वाची कागदपत्रं तिथे अजून टपालानेच येतात. घरमालकाकडून राहत असल्याचा सही केलेला दाखला त्याच दिवशी मागून घ्या; पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, १४ दिवसांत करायची असते. (तिची अपॉइंटमेंट मिळणं दिव्यच, तेव्हा निघण्यापूर्वीच शोधायला लागा.) किराणा शनिवारीच भरा, रविवारी बहुतेक दुकानं बंद. त्या रिकाम्या दिवशी एस-४१ पकडा. ही लोकल साधारण ६० मिनिटांत मध्य बर्लिनला प्रदक्षिणा घालते. मन होईल त्या स्टेशनावर उतरा.