शिडाच्या बोटीवर पहिल्यांदा खलाशी म्हणून जाताना: स्कॉटलंडचा पश्चिम किनारा

ओबान बंदरातून शिडाच्या छोट्या बोटीवर निघणाऱ्या नवख्याला धास्ती असते ती शिडांची. खरं तर शिडं सोपी. कुठला दोर कशाचा, विंचवर (दोर ताणायच्या फिरत्या चाकावर) किती वेढे घ्यायचे, वारा वाढला की शीड कसं आखडायचं, म्हणजे लहान करायचं, हे काही दिवसांत हातात बसतं. वेळ लागतो तो भरती-ओहोटीच्या हिशेबाने दिवस लावायला, आणि दहा मीटरच्या ओलसर बोटीत चार-पाच माणसांत धड राहायला.

आधी पाण्याचं. स्काय बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये काइल री नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. उधाणाच्या दिवसांत तिथला प्रवाह 8 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी 8 सागरी मैलांपर्यंत जातो. आपल्यासारख्या बोटीचं इंजिन जेमतेम 6 नॉट देतं. प्रवाह समोरून असला तर इंजिन पूर्ण जोरात चालू असतं आणि बोट मागे जात असते. जुरा आणि स्कार्बा या बेटांमधली कॉरीव्रेकन ही सामुद्रधुनी त्याहून अवघड. पाण्याखालच्या सुळक्यावर प्रवाह आदळून भोवरे उठतात. भरतीचं पाणी पश्चिमेला धावत असताना समोरून जोराचा पश्चिम वारा आणि अटलांटिकच्या लाटा आल्या, तर छोट्या बोटीने तिथे फिरकूच नये. शांत हवेत, प्रवाह उलटायच्या आधी पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढ्यात लोक पार होतात. तेव्हा पहाटे चारला उठवलं तर कुरकुर करू नका. ती वेळ स्किपरने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने ठरवलेली नसते, पाण्याने ठरवलेली असते.

रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा स्वतः कागदावर मांडा आणि मग स्किपरच्या हिशेबाशी ताडून बघा. मला या एका सवयीने सगळ्यात जास्त शिकवलं. छापील तक्त्यातल्या वेळा युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. तो राहिला की अख्खा बेत कोलमडतो. हवामानाचा अंदाज कोस्टगार्ड दर तीन तासांनी व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर सांगतं. तो ऐकून लिहून घ्यायचं काम मागून घ्या, कान लवकर तयार होतात.

नांगर टाकणं हे मला बोटीवरचं सगळ्यात देखणं काम वाटतं. समजा ओहोटीला खोली 5 मीटर आहे. ओबानच्या आसपास उधाणाला भरती-ओहोटीतला फरक सव्वातीन मीटरच्या घरात असतो, म्हणजे भरतीला तिथे 8 मीटरच्या वर पाणी येणार. त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवा आणि त्याच्या चौपट साखळी सोडा, साधारण 37 मीटर. साखळी एकाच जागी ओतायची नाही. बोट हळूहळू मागे सरकत असताना ती तळावर पसरत जायला हवी. मग इंजिन मागे लावून जोर द्यायचा, नाळेवर गुडघे टेकायचे आणि साखळी ज्यावरून सरकते त्या रोलरपासून हाताची बोटं लांब ठेवून तळहात साखळीवर ठेवायचा. नांगर खडकावर किंवा समुद्री शेवाळावर घसरत असेल तर साखळी थरथरते, ती गुरगुर थेट हाताला लागते. नांगराने तळ धरला की साखळी ताठ होते आणि गप्प बसते. त्यानंतर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून काही मिनिटं बघत राहायचं. रेषा मोडली नाही, की इंजिन बंद. शंका असेल तर नांगर उचलून पुन्हा टाकायचा, कितीही दमलेले असलात तरी.

थंडीबद्दल मी कडक आहे. ऐन उन्हाळ्यातही इथलं पाणी 13-14 अंशांच्या आसपास असतं. त्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही आणि मग पट्टीचा पोहणाराही हतबल होतो. म्हणून लाइफजॅकेट मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यासकट घालायचं, आणि रात्री किंवा शीड आखडताना हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) बोटीला अडकवलेलाच हवा. ज्या बोटीवर याला हसतात, त्या बोटीवर जाऊ नका.

कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक, एकावर एक थरांचे. सुती नकोतच, भिजले की वाळत नाहीत. झोपण्याचा एक जोड जलरोधक पिशवीत कायम कोरडा ठेवा, कितीही मोह झाला तरी तो पहाऱ्याला घालायचा नाही. बोटीच्या थंड बाजूंवर आतून श्वासाचं पाणी जमतं आणि गादीखाली ओल धरते, तेव्हा सकाळी उठल्यावर गादी उभी करून ठेवा. स्वयंपाक झाला की गॅस सिलिंडरपाशीच बंद करायचा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एक ठिणगी पुरते.

बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या. मळमळायला लागल्यावर उपयोग नाही. तेव्हा सुकाणू मागून घ्या आणि नजर क्षितिजावर ठेवा.

सुरुवात कशी करायची, हे बरेच जण विचारतात. आरवायए या ब्रिटनच्या नौकानयन संघटनेचा काँपिटंट क्रू हा पाच दिवसांचा कोर्स करा, त्याला आधीचा अनुभव लागत नाही. बहुतेक ठिकाणी ते पाच दिवस बोटीवरच राहायचं असतं, त्यामुळे हे जगणं आपल्याला मानवतं का, तेही कळतं. पुढे डे स्किपर, म्हणजे स्वतः बोट चालवण्याचा कोर्स. त्याच्या प्रात्यक्षिकाआधी निदान पाच दिवस, 100 सागरी मैल आणि रात्रीचे चार तास पदरी असावेत अशी अपेक्षा असते, म्हणून पहिल्या दिवसापासून लॉगबुक भरा. महिना निवडता येत असेल तर मे निवडा. दिवस मोठा, पाऊस तुलनेने कमी आणि मिज नावाच्या चावऱ्या माशा अजून जोरात नसतात.

अनोळखी स्किपरबरोबर जाण्याआधी त्याला थेट विचारा: माणूस पाण्यात पडला तर त्याला बोटीवर परत कसं घेणार? लाइफजॅकेट शेवटचं कधी तपासलं? हवा बिघडली तर कुठल्या बंदरात शिरणार? स्किपर चांगला असेल तर न चिडता बोटीवर नेऊन एकेक वस्तू दाखवेल.