लढाऊ फ्लाइट सिममध्ये नेम कसा बसवावा आणि डॅमेज मॉडेल कसं तपासावं

"शंभर गोळ्या घातल्या तरी समोरचं विमान उडतंच आहे, डॅमेज मॉडेल खोटं आहे." दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं कुठलंही सिम, म्हणजे विमान उडवायचा सिम्युलेटर गेम, घ्या, ही तक्रार ऐकू येतेच. (डॅमेज मॉडेल म्हणजे गोळी लागल्यावर विमानाचं काय होतं ते ठरवणारा सिमचा भाग.) मीही ती बरीच वर्षं केली. मग एकदा डीसीएस या सिममधल्या माझ्याच लढाईचं रेकॉर्डिंग टॅकव्ह्यू या रेकॉर्डिंग तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि ट्रिगर दाबला त्या क्षणांची अंतरं पाहिली. जे मला 300 मीटर वाटलं होतं, ते 700 च्या वर होतं. बहुतेक गोळ्या विमानाला लागल्याच नव्हत्या. म्हणून हा लेख नेमापासून सुरू होतो. डॅमेज मॉडेलची पाळी शेवटी.

जॉयस्टिकची सेटिंग, ट्रिम, गोळी झाडताना बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या उपकरणातला) मधोमध ठेवणं, हे तुम्हाला येतं असं धरतो. बॉल बाजूला गेला की गोळ्याही बाजूला जातात, एवढंच लक्षात असू द्या.

कन्व्हर्जन्स

दोन्ही पंखांतल्या बंदुकांच्या गोळ्या ज्या अंतरावर एकत्र येतात ते अंतर म्हणजे कन्व्हर्जन्स. सिममध्ये बदलता येत असेल तर 250 मीटरवर ठेवा आणि विसरून जा. ब्रिटिश हवाई दलात सुरुवातीला बंदुका 400 यार्डांवर जुळवलेल्या असत. 1940 च्या लढाईत मलानसारख्या अनुभवी वैमानिकांनी ते अंतर 250 यार्डांवर, म्हणजे साधारण 230 मीटरवर आणलं. "लांबून मारायचं असेल तर कन्व्हर्जन्स 600 वर ठेवा" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. दोन्ही पंखांतल्या बंदुकांमध्ये 4 मीटर अंतर आहे आणि कन्व्हर्जन्स 250 वर आहे असं धरा. गोळ्यांचे दोन झोत 250 वर एकत्र येतात, एकमेकांना ओलांडतात, 500 मीटरवर पुन्हा 4 मीटर दूर असतात आणि 750 वर 8 मीटर. मधल्या मोकळ्या जागेतून शत्रूच्या विमानाचं धड निवांत निघून जातं. जर्मन मेसरश्मिट 109 सारख्या, नाकात बंदुका असलेल्या विमानांना ही अडचण नसते, पण गोळी खाली पडण्याची अडचण त्यांनाही आहेच.

अंतर ओळखणं

मी अडकलो होतो तो इथेच, आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक जण इथेच अडकतात. पडद्यावर खोली नसते. दोन डोळ्यांनी अंतराचा जो अंदाज येतो तो सपाट पडद्यावर येत नाही, आणि त्यात आपण झूम करतो. झूम केला की विमान मोठं दिसतं, मेंदू म्हणतो "आलं जवळ", आणि बोट ट्रिगरवर जातं. विमान किती मोठं दिसतंय यावर कधीही विसंबू नका. ते गनसाइटच्या, म्हणजे नेम धरायच्या काचेवरच्या, रिंगचा किती भाग व्यापतंय, तेवढंच पाहा. नीट बनवलेल्या सिममध्ये झूम केल्यावर रिंगही विमानाबरोबर मोठी होते, त्यामुळे हे प्रमाण बदलत नाही.

जर्मन रेव्ही गनसाइटची रिंग 100 मीटरवर 10 मीटर रुंदी झाकते. मेसरश्मिट 109 च्या पंखांचा पसारा जवळपास 10 मीटर आणि ब्रिटिश स्पिटफायरचा 11 च्या थोडा वर, म्हणून लढाऊ विमानांसाठी हिशोब सोपा आहे. पंखांनी रिंग पूर्ण भरली तर 100 मीटर, अर्धी भरली तर 200, एक तृतीयांश तर 300. विमान रिंगच्या पाव भागाएवढं दिसत असेल तर ते 400 मीटरवर आहे आणि तुमचं बोट ट्रिगरवर असायचं काही कारण नाही. दुसऱ्या गनसाइटची रिंग वेगळ्या मापाची असते. अंतर दाखवणारी लेबलं चालू करून, माहीत असलेल्या विमानाच्या मागे 200 मीटरवर जा आणि त्याने रिंग किती व्यापली ते एकदा पाहून ठेवा. ब्रिटिश गनसाइटवर शत्रूच्या पंखांचा पसारा लावता येतो. तो लावायला आळस करू नका.

बॉम्बर विमानांनी मला सगळ्यात जास्त फसवलं. बी-17 या अमेरिकन बॉम्बरच्या पंखांचा पसारा 31 मीटरच्या वर आहे. तेच बी-17 रेव्हीच्या रिंगचा एक तृतीयांश भाग व्यापतं तेव्हा ते 300 नव्हे, जवळपास 950 मीटरवर असतं! लढाऊ विमानांवर सवय झालेला डोळा तिथून मारायला सुरुवात करतो, आणि जवळ पोचेपर्यंत दारूगोळा संपलेला असतो. मी असे कित्येक हल्ले वाया घालवले.

यावर मला उपयोगी पडलेला सराव एकच. मिशन एडिटरमध्ये सरळ उडणारं एक विमान ठेवा, लेबलं बंद करा. मागून जवळ जाताना अंतराचा आकडा मोठ्याने बोला, मगच लेबल चालू करून पाहा. गोळी झाडू नका. रोज वीस मिनिटं, आणि आकडा पन्नास मीटरच्या आत जुळायला लागेपर्यंत दुसरं काही करू नका. हे कंटाळवाणं आहे हे मान्य, पण नुसत्या लढाया खेळून माझा अंदाज कधीच सुधारला नाही.

लांबून का मारू नये

ताशी 500 किलोमीटरने जाणारं विमान सेकंदाला 139 मीटर जातं. 250 मीटरवर गोळी पोचायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, 600 मीटरवर सुमारे पाऊण सेकंद. आडवं जाणारं विमान असेल तर पहिल्या वेळी नेम 35 मीटर पुढे धरायचा, दुसऱ्या वेळी 100 मीटर पुढे. हेही सरावाने जमेल. पण गोळी सुटल्यावर शत्रूने 3 जीचं (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट जोराचं) वळण घेतलं तर पाव सेकंदात तो आपल्या मार्गावरून जेमतेम 1 मीटर सरकतो, पाऊण सेकंदात 8 मीटरच्या वर. म्हणजे नेम अचूक असूनही जवळजवळ एका विमानाच्या लांबीने चुकला. ही चूक कुठल्याही सेटिंगने दुरुस्त होत नाही. सरळ उडणारं बॉम्बर किंवा बेसावध वैमानिक सोडला तर 300 च्या पलीकडचा मारा म्हणजे नशीब, आणि जे सिम तिथे सहज मारू देतं त्याच्याबद्दल मला शंका येते.

झोत एक ते दोन सेकंदांचे ठेवा. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये दर बंदुकीला 300 गोळ्या होत्या, म्हणजे सगळे मिळून पंधराएक सेकंद.

आता डॅमेज मॉडेल

ही चाचणी सर्व्हरवर करू नका, तिथे नेटवर्कच्या उशिराने सगळे निष्कर्ष बिघडतात. घरच्या मिशनमध्ये, 200 मीटरवरून, बरोबर मागून, एका वेळी एकाच प्रकारची बंदूक. निदान दहा वेळा. प्रत्येक वेळी रीप्लेमध्ये मोजा की किती गोळ्या खरोखर लागल्या, कुठे लागल्या आणि विमान कशामुळे पडलं.

निकाल वाचताना अपेक्षा योग्य ठेवा. .303 ची गोळी, म्हणजे ब्रिटिश मशिनगनची 0.303 इंची गोळी, हा स्फोटक भरलेला तोफगोळा नसतो, तिने पंख तुटून पडत नाही. ती रेडिएटर फोडते, टाकीला आग लावते, वैमानिकाला लागते. द्रवाने थंड होणारं इंजिन शीतक गळल्यावरही थोडा वेळ चालतं, मग जाम होतं. म्हणून पांढरा धूर सोडत निघून गेलेलं विमान ही सिमची चूक नाही, ते बहुधा घरी पोचणार नाही. गन कॅमेऱ्याच्या (बंदुकीबरोबर चालणाऱ्या विमानातल्या कॅमेऱ्याच्या) फिल्मशी तुलना करून "खऱ्या युद्धात लगेच स्फोट व्हायचा" असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की वारंवार दाखवल्या जातात त्या फिल्म निवडक असतात.

तोफांचं गणित वेगळं. बी-17 पाडायला 20 मिलिमीटरचे सरासरी वीसेक गोळे, पण 30 मिलिमीटरचे तीन-चारच पुरतात असा जर्मनांचा अंदाज होता. तुमच्या चाचणीत एखादं लहान लढाऊ विमान 30 मिलिमीटरचे पाच गोळे शेपटीत खाऊन वळणं घेत असेल, तर तक्रार रास्त आहे. मात्र ही 30 मिलिमीटरची तोफ मंद आहे, गोळ्याचा सुरुवातीचा वेग सेकंदाला 540 मीटरच्या आसपास. त्यामुळे 400 मीटरवर गोळा 3 मीटरच्या आसपास खाली पडतो. लागला असं वाटणं आणि लागणं यातला फरक इथे सगळ्यात मोठा असतो.

खरी खोट ओळखायची माझी खूण अशी: दहाही वेळा पंख त्याच सांध्यातून तुटला, किंवा गोळ्या कुठेही लागोत, ठरावीक आकडा झाला की विमान पडलं, तर तिथे नुकसानीचा नुसता हिशोब मांडलेला आहे, रचना नाही. अशी खोट सापडली तर ती बनवणाऱ्यांना जरूर कळवा. सोबत रीप्लेची फाइल द्या, अंतर लिहा, पट्ट्यात कोणत्या गोळ्या होत्या ते लिहा आणि दहाही वेळचे आकडे जोडा.