भविष्यवाणी आणि तिची पूर्तता यांचा अभ्यास कसा करावा

भविष्यवाणी म्हटले की पुष्कळ वाचक बायबलमधील प्रकटीकरणाच्या पुस्तकाकडे धाव घेतात आणि पुढे काय घडणार याचे आडाखे बांधू लागतात. देवाचा विश्वासूपणा समजून घ्यायचा असेल, तर जे घडून गेले आहे तेथून सुरुवात करावी. दिलेला शब्द आणि पाळलेला शब्द तेथेच समोरासमोर ठेवून तपासता येतात.

आरंभी एकच भविष्यवाणी घ्यावी. माझ्या मते यिर्मया संदेष्ट्याची सत्तर वर्षांची भविष्यवाणी यासाठी सर्वांत सोयीची आहे. यिर्मयाचे २५ व २९ हे अध्याय पूर्ण वाचावेत आणि शब्द कोणाला दिला, केव्हा दिला, नेमके काय सांगितले व त्याला काही अट होती का, हे वहीत टिपून ठेवावे. इ. स. पू. ६०५ च्या सुमारास, यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षी, संदेष्ट्याने सांगितले की देश ओसाड होईल, लोक सत्तर वर्षे बाबेलच्या राजाचे दास्य करतील आणि मग बाबेललाही शासन होईल. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात बंदिवासाचा इशारा फार पूर्वीच दिलेला होता, हेही येथे नोंदवावे. आशीर्वादाप्रमाणेच इशाराही खरा करणे हा विश्वासूपणाचाच भाग आहे, जरी तो ऐकायला कोणाला आवडत नाही.

यिर्मयाचा २८ वा अध्याय मुळीच वगळू नये. तेथे हनन्या नावाचा संदेष्टा बाबेलला नेलेले सारे दोन वर्षांतच परत येईल असे सांगतो. लोकांचा कल कोणाकडे गेला असेल, हे वेगळे सांगायला नको. परंतु इ. स. पू. ५८६ मध्ये मंदिर जळाले आणि अनुवादाच्या १८ व्या अध्यायातील कसोटीवर, म्हणजे शब्द खरा ठरतो की नाही यावर, हनन्याचा दावा टिकला नाही.

आता पूर्ततेकडे वळावे. इ. स. पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकले आणि त्याच्या आज्ञेने यहूदी परतू लागले. एज्राच्या पहिल्याच वचनात यिर्मयाच्या शब्दाचा स्पष्ट उल्लेख आहे. वर्षांची मोजणी मात्र ओढाताण न करता करावी. इ. स. पू. ६०५ ते ५३८ हा काळ सत्तरहून थोडा कमी भरतो, तर मंदिर जळाल्यापासून सुमारे ५१६ मध्ये ते पुन्हा पूर्ण होईपर्यंत सत्तर वर्षे होतात. कोरेशच्या मृत्तिका-लेखात विस्थापितांना परत पाठवण्याचे धोरण दिसते, पण यहूदाचे नाव त्यात नाही. म्हणून त्याचा आधार तेवढ्यापुरताच घ्यावा.

अट आहे की नाही, हे पाहायला विसरू नये. चाळीस दिवसांत निनवे नगराचा नाश होईल असे योना संदेष्ट्याने सांगितले, लोकांनी पश्चात्ताप केला आणि नाश टळला. यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात देवाने हीच रीत सांगितली आहे, त्यामुळे येथे शब्द मोडला असे म्हणता येत नाही.

नव्या करारातील प्रत्येक पूर्तता एकाच प्रकारची नसते. मीखा ५:२ मध्ये बेथलेहेमचे नाव पुढे येणाऱ्या अधिपतीसाठी आले आहे. होशेय ११:१ मात्र मिसरातून झालेल्या सुटकेची आठवण आहे, आणि मत्तय येशूच्या जीवनात इस्राएलाचा तोच प्रवास पुन्हा घडताना पाहतो. दोन्ही एकाच मापाने मोजल्यास गोंधळ होतो. येशूच्या दुःखसहनाशी जोडला जाणारा यशयाचा ५३ वा अध्याय येशूनंतर लिहिला असावा अशी शंका कोणी घेतली, तर मृत समुद्राजवळील कुमरान येथे १९४७ मध्ये सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीकडे बोट दाखवता येते. ती ख्रिस्तपूर्व काळातील असून तिच्यात हा अध्याय आहे.

वहीत शेवटचा रकाना प्रतीक्षेसाठी ठेवावा: शब्द आणि पूर्तता यांमधल्या काळात ज्याला तो मिळाला त्याने काय केले? यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात यरुशलेमेला वेढा पडलेला असताना आणि स्वतः कैदेत असताना संदेष्टा अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुप्याला विकत घेतो व खरेदीखत मातीच्या पात्रात जपून ठेवायला लावतो, कारण या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील असे परमेश्वराने सांगितले होते. पुढे त्याला मिसरात नेण्यात आले, आणि त्या शेतात त्याने पुन्हा पाऊल ठेवले असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.