तिशीत फौजेची तयारी करताय? आधी या चुका टाळा

पहाटे पाचला चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा, कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर उभं राहा, भरतीची पोरं पळताना दिसतात. त्यांच्या शंभर पावलं मागे एखादा अठ्ठावीस-तिशीचा गडी असतोच. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात हुकलेला, आता 'आर्मी करून बघू' म्हणणारा. मेहनतीला कमी नसतो, पण गेलेली दहा वर्षं त्याला एका महिन्यात भरून काढायची असतात. बाकीच्या बहुतेक चुका या घाईतूनच होतात.

जाहिरात न वाचता बूट बांधणे

2022 मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते 21 होती. आधीची दोन वर्षं भरती झाली नव्हती, म्हणून फक्त त्या वर्षी ती 23 केली. त्या 23 च्या आशेवर अजूनही लोक पळतात. अठ्ठाविशीच्या माणसाला अग्निवीरचं दार बंद आहे, कितीही वेगात पळाला तरी. अधिकारी व्हायचं तर पदवीधराला ओटीए या प्रशिक्षण अकादमीसाठी सीडीएस ही परीक्षा साधारण पंचविशीपर्यंत, इंजिनिअरला आणि वकिलाला त्यांच्या खास एंट्रीतून 27 पर्यंत. त्यापुढच्याला खरा रस्ता टेरिटोरियल आर्मीचा, म्हणजे टीएचा. तिथे वय 18 ते 42.

पण टीए म्हणजे कायमची नोकरी नव्हे, हे कुणी नीट सांगत नाही. वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षण, पगार बोलावलेल्या काळाचा, पेन्शनची हमी नाही. आपला धंदा-नोकरी सांभाळून देशसेवा, अशी मुळातच ती रचना आहे. तरी लोक एमआयडीसीतली नोकरी सोडून 'पूर्ण वेळ तयारी' करतात. टीएत अधिकारी व्हायचं असेल तर स्वतःचं कमाईचं साधन असणं ही पात्रतेतलीच अट आहे. म्हणजे राजीनामा देऊन माणूस स्वतःलाच अपात्र करतो.

जन्मतारीखही आत्ताच बघा. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली 1 जून आपल्याकडे कित्येकांच्या दाखल्यावर असते आणि आधारवर दुसरीच. भरतीत दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतात, म्हणून आधार दहावीप्रमाणे करून घ्या. नावाच्या स्पेलिंगचंही तेच. मैदानाच्या फाटकावर प्रतिज्ञापत्र शोधत फिरणं फार महागात पडतं.

एकोणीस वर्षांच्या पोराचं वेळापत्रक उचलणे

धरणगावकडचा एक जण. वय 29, वजन 78 किलो, जिनिंगमध्ये पोती उचलणारा, अंगाने दणकट. अॅकॅडमीतल्या पोराच्या मोबाइलवरून तीस दिवसांचं शेड्यूल घेतलं आणि पहिल्या दिवसापासून डांबरी रस्त्यावर रोज आठ किलोमीटर, पायात कॅनव्हासचे बूट. दोन आठवडे छाती फुगवून. तिसऱ्यात नडगीच्या आतल्या बाजूला ठणका. गरम तेलाचं मालिश झालं, वेदनाशामक गोळी झाली, 'काही होत नाही भो' म्हणणारे मित्र तर होतेच. एक्स-रे काढला, स्वच्छ आला, तो पुन्हा पळाला. पाचव्या आठवड्यात पाऊल टेकवेना. दुसऱ्या एक्स-रेत हाडाला बारीक चीर दिसली. दोन महिने घरी, भरती गेली.

यात नशिबाचा भाग कमी आहे. दम तीन-चार आठवड्यांत वाढतो, नडगीचं हाड आणि टाचेची शीर तयार व्हायला महिने लागतात. दम साथ देतो म्हणून माणूस अंतर वाढवत नेतो आणि हाड मागे राहतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी चीर साध्या एक्स-रेत बहुधा दिसतही नाही. म्हणून ओळख बोटाने करा. नडगीवर लांबवर पसरलेलं दुखणं असेल तर पळणं निम्म्यावर आणा. बोट ठेवावं तिथेच, एका ठिकाणी कळ येत असेल आणि त्या पायावर एकदा उडी मारली की जीव जात असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. गोळी खाऊन पळणं म्हणजे इंजिन तापल्याचा दिवा फोडून गाडी हाकणं. त्यात मे महिन्यातलं खान्देशी ऊन, अंगातलं पाणी आटलेलं असताना त्याच गोळ्या किडनीवरही येतात.

तयारीला किमान चार महिने धरा. पहिले सहा आठवडे आठवड्यातून चार दिवस, तीन किलोमीटर, बोलता येईल इतक्याच वेगात. पुढे दर आठवड्याला एकूण अंतरात दहा टक्क्यांच्या आसपास वाढ, त्याहून जास्त नाही. पाटाकडेचा मुरमी रस्ता सगळ्यात चांगला. उन्हाळ्यात काळ्या रानात भेगा पडतात, तिथे घोटा मुरगळतो. सातव्या आठवड्यापासून वेगाचं काम, पण आठवड्यातून दोनदाच आणि मध्ये दोन दिवस सोडून: 400 मीटर सहा वेळा, प्रत्येकी 85 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं.

1600 मीटर साडेपाच मिनिटांत काढले की 60 गुण. चार फेऱ्या धरल्या तर फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. गर्दीच्या रेट्यात पहिली फेरी 70 ला मारणारे तिसरीत उभे राहतात. मनगटावर घड्याळ बांधून पहिली फेरी मुद्दाम 82 ला काढायची सवय सरावातच लावा. पोरं पुढे जातात, जाऊ द्या.

बीम शेवटच्या महिन्यावर ढकलणे

बीम म्हणजे दांड्याला लटकून हनुवटी वर नेणं. दहा बीमला 40 गुण, सहाला फक्त 16. वजनदार माणसाला बीम पळण्याआधी सुरू करावे लागतात. एकही निघत नसेल तर स्टुलावरून हनुवटी दांड्यावर न्या आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली या. असे पाच, तीन वेळा, एक दिवसाआड. दांडा मुठीत मावेल असा लोखंडी पाइप हवा, लिंबाच्या जाड फांदीने फक्त हाताची सालं जातात. झोके घेऊन काढलेले मैदानात मोजत नाहीत.

मेडिकल म्हणजे नशीब समजणे

वय वाढलं की इथे जास्त जण पडतात. बीपी महिनाभर आधीपासून सकाळी मोजून लिहून ठेवा. गुटखा आजच सोडा: मेडिकलमध्ये चांगल्या दातांना पॉइंट देतात, ते किमान 14 लागतात, आणि तोंड पुरतं उघडत नसेल तर तेही दिसतं. मूळव्याध, हर्निया, हायड्रोसील लपत नाही. ऑपरेशन करायचं असेल तर भरतीच्या कितीतरी आधी.

टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे चालतो, दंडावर नाही. सातपुड्यातल्या आदिवासी उमेदवारांना परंपरेच्या गोंदणाची सवलत आहे, पण तिच्यासाठी लागणारी कागदं जाहिरातीत बघून आधीच काढा. कानातला मळ आठ-दहा दिवस आधी डॉक्टरकडून काढून घ्या. आदल्या रात्री काडीपेटीची काडी घालून नव्हे. कान लाल दिसला की परत पाठवतात.