मत्स्यबीज केंद्राची पुनर्बांधणी: पर्यावरण परवानगीत या चुका टाळा

जुने सरकारी मत्स्यबीज केंद्र पाडून नवे बांधायचे ठरले की फायलीतला सर्वांत जाड भाग इमारतीचा असतो. शेड किती चौरस मीटरची, टाक्या किती, कंपाउंडची भिंत केवढी. पण हॅचरीचा, म्हणजे अशा केंद्राचा, परिसरावर जो काही भार पडतो तो पाण्यातून पडतो. पाणी कुठून घेणार, कुठे सोडणार आणि कोणत्या महिन्यात, याची उत्तरे ठाणे-नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या पट्ट्यात आधी तयार हवीत.

‘जुनेच तर आहे, परवानगी कशाला?’

2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांची मर्यादा 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून सुरू होते. मत्स्यबीज केंद्र सहसा तिथवर पोहोचत नाही. इथेच कागद बंद करून कंत्राटदाराला बोलावले जाते. सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, प्रश्न मात्र त्याहून पूर्ण वेगळा आहे. 2019 च्या अधिसूचनेनुसार भरती-ओहोटीच्या खाडीकाठी भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातले जे कमी असेल तिथपर्यंत सीआरझेड धरतात. 2011 च्या अधिसूचनेत हेच अंतर 100 मीटर होते. आपल्या जागेला कोणता मंजूर नकाशा लागू आहे, हे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून लेखी घ्या. मोबाइलवरच्या नकाशावर बोट ठेवून मोजलेले अंतर कुणी मानत नाही. अधिकृत संस्थेने 1:4000 प्रमाणाच्या नकाशावर तुमचा प्लॉट बसवून दिलेला लागतो.

कांदळवन 1,000 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर भोवतीचे 50 मीटर आणखी धरा. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामासाठीसुद्धा कांदळवन तोडायचे तर न्यायालयाची परवानगी लागते. ‘सरकारी काम आहे, होऊन जाईल’ हे वाक्य इथे चालत नाही. शिवाय ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात आपण येतो का, हे जागा ठरवतानाच बघायचे असते. पाया खणून झाल्यावर हा शोध लागला तर फार महागात पडतो.

निमखाऱ्या पाण्यात जिताडा किंवा कोळंबीचे बीज काढणार असाल, तर कोस्टल अॅक्वाकल्चर अॅथॉरिटीची नोंदणी वेगळी लागते. कटला-रोहूच्या गोड्या पाण्याच्या केंद्राला ती लागत नाही.

हिवाळ्यात घेतलेले पाण्याचे नमुने

सर्वांत मोठी चूक इथे होते, आणि ती अहवालात पटकन दिसतही नाही. सल्लागार डिसेंबरात येतो, नाल्यातल्या पाण्याचे नमुने घेतो आणि तक्ते भरतो. पण कटला, रोहू, मृगळ यांचे प्रजनन पावसाळ्यात, मुख्यतः जून ते ऑगस्टमध्ये होते. गोलाकार चायनीज हॅचरीत पाणी सतत फिरते. अंडी 14 ते 18 तासांत फुटतात आणि साधारण चौथ्या दिवशी जिरे, म्हणजे माशांची इवलीशी पिल्ले, बाहेर काढतात. त्या आठवड्यांत केंद्रातून जे आणि जेवढे पाणी बाहेर जाते, त्याचा डिसेंबरातल्या आकड्यांशी काही संबंध नसतो. पावसाळ्यातले नमुने नसतील तर अहवाल अपुरा समजा.

आता ते पाणी जाते कुठे? ‘नाल्यातून खाडीत’ असे सरसकट लिहिलेले असते. नवी मुंबईत बरेच नाले आधी धारण तलावात जातात, आणि भरतीच्या वेळी त्यांची दारे बंद असतात. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर तुमचे पाणी तिथेच तुंबते, म्हणजे खाली वस्ती असेल तर ते तिच्या दारात येते. म्हणून विसर्गाचे वेळापत्रक भरतीच्या तक्त्याला जोडा आणि दार बंद असताना पाणी धरून ठेवायला निवळण तलाव ठेवा.

औषधांबद्दल कागदावर फारच कमी लिहिले जाते. संवर्धन तलावातले नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकतात, एक मीटर पाण्याला हेक्टरी सुमारे 2,500 किलो. तिचा विषारी परिणाम दोन-तीन आठवडे टिकतो. तेवढ्यात तलाव नाल्यात रिकामा केला, तर खालचे मासेही मरतात. ब्लीचिंग पावडरचेही तसेच. भूपृष्ठावरच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्याला क्लोरीनची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. मासे त्याहून कितीतरी कमी क्लोरीनने तडफडतात. मानकात बसले म्हणजे मासळीला चालले, असा अर्थ होत नाही. निदान मासे पाळणाऱ्या खात्याला तरी हे माहीत असायला हवे.

बांधकामाचा महिना

पावसाळ्यात प्रजनन म्हणून काम कोरड्या महिन्यांत, हे ओघाने आलेच. पण खाडीकाठी त्याच महिन्यांत, नोव्हेंबर ते मेच्या सुमारास, फ्लेमिंगो उतरलेले असतात. मोकळा महिना असा उरतच नाही, आणि अहवालात तसे सरळ लिहावे. पायलिंग आणि तोडफोडीचे आवाजाचे काम पक्षी येण्याआधीच्या थोड्या आठवड्यांत बसवा, रात्रीचे दिवे खाडीकडे वळवू नका. जुन्या दोन-तीन टाक्या चालू ठेवल्या तर मत्स्यबीजाचा हंगामही बुडत नाही. पाडकामातले डेब्रिज कुठे जाणार त्याची पावती ठेवा. ते कांदळवनात पडले तर पुढचे सगळे कागद व्यर्थ. छताचे जुने पत्रे अॅस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता मोठी, ते फोडायचे नाहीत, अख्खे उतरवायचे.

जनसुनावणी बंधनकारक नसली तरी जवळच्या कोळीवाड्यात एकदा जाऊन या. निवटी, बोईट, चिंबोरी कुठे धरतात, ओहोटीला होडी कुठून निघते, हे तिथे कळते. नकाशावर ते नसते.

फाइल परत आली तर

त्रुटीपत्रात बहुधा तीन गोष्टी मागतात: सीआरझेडचा अधिकृत नकाशा, विसर्गाचा हिशेब आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. तिन्हींची उत्तरे एकाच पत्रात, एकाच नकाशावर द्या. वेगवेगळ्या पत्रांत विसर्गाचा बिंदू वेगवेगळ्या ठिकाणी दिसला, तर नवी त्रुटी निघतेच. आणि थाई मागूर केंद्रात ठेवणार नाही हे मागितले नसले तरी लिहून द्या. त्या माशावर देशात बंदी आहे आणि ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न हमखास विचारला जातो.