पाडव्याला बळीराजाची पूजा कशी मांडावी

दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, पत्नी पतीला ओवाळते, लेकी वडिलांना ओवाळतात आणि व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. हे सारे साग्रसंगीत होते. मात्र ज्याच्या नावाने ही तिथी बलिप्रतिपदा म्हणून ओळखली जाते, त्या बळीराजासाठी शहरी घरांत अनेकदा साधा पाटही मांडला जात नाही. वास्तविक ही पूजा ना अवघड आहे ना खर्चाची.

प्रथम पंचांग पाहावे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी पाडवा असतो असे गृहीत धरू नये, कारण कधी कधी मध्ये एक भाकड दिवस येतो; 2022 साली लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला आणि पाडवा 26 ऑक्टोबरला होता.

सकाळी अभ्यंगस्नान झाल्यावर पाटावर किंवा सारवलेल्या जमिनीवर पाच रंगांच्या रांगोळीने बळीची आकृती काढावी. तो द्विभुज असावा, मस्तकी मुकुट व कानी कुंडले असावीत आणि शेजारी त्याची राणी विंध्यावली असावी. चित्रकला जमत नसेल, तर तांदळाची साधी आकृती केली तरी चालते. गंध, अक्षता आणि झेंडूची फुले वाहून दिवा लावावा आणि पुढील श्लोक म्हणावा:

बलिराज नमस्तुभ्यं विरोचनसुत प्रभो।
भविष्येन्द्र सुराराते पूजेयं प्रतिगृह्यताम्॥

या श्लोकात बळीला विरोचनाचा पुत्र, देवांचा शत्रू आणि भावी इंद्र असे एका दमात संबोधले आहे, आणि कथेचे मर्मही तिथेच आहे. प्रल्हादाचा हा नातू यज्ञ करीत असता विष्णू बटू वामनाच्या रूपाने आला आणि त्याने तीन पावले भूमी मागितली. याचक कोण आहे हे शुक्राचार्यांनी आधीच सांगितले होते, तरीही बळीने दिलेला शब्द मोडला नाही. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापल्यावर तिसऱ्या पावलासाठी त्याने स्वतःचे मस्तक पुढे केले. त्याला सुतल लोकाचे राज्य मिळाले आणि खुद्द विष्णू त्याचा द्वारपाल झाला. हरलेल्या राजाची, तीही घरोघरी, पूजा व्हावी हे विलक्षणच म्हटले पाहिजे. महात्मा फुले यांनी तर बळीला शेतकऱ्यांचा न्यायी राजा मानले, आणि आजही मराठीत शेतकऱ्याला बळीराजाच म्हणतात.

खरिपाचे धान्य घरात येण्याचे हे दिवस असल्यामुळे नैवेद्याच्या पानात नव्या तांदळाचा भात किंवा नव्या ज्वारी-बाजरीची भाकरी आवर्जून ठेवावी. फराळाचे पदार्थ त्यानंतर. गावाकडे अंगणात शेणाचे पांडव किंवा गोकुळ मांडण्याची चाल आहे, तर गोव्यात हाच दिवस ‘गोरवांचो पाडवो’ म्हणून गुरांना न्हाऊ-माखू घालून, फुलांनी सजवून साजरा होतो. ज्यांच्या दावणीला जनावरे आहेत, त्यांनी पूजेचा पहिला घास त्यांना द्यावा.

शेवटी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणत बळीला ओवाळावे. हे झाल्यावर मगच घरातल्या माणसांना ओवाळण्याचे ताट हाती घ्यावे.